मार्गशीर्ष वद्य अष्टमी

मनोरमा एस.टी.तून उतरली ती लोणच्याची बरणी छातीशी धरून. मी पुढे होऊन तिची पिशवी घेतली आणि बरणीलाही हात घातला, तर ती चटकन बाजूला झाली.

"हिला धक्का नको," ती म्हणाली. "खडपेवाडीपासून मांडीवर धरून आणलीय. कंडक्टर विचारत होता, तूप आहे का म्हणून."

"मग काय आहे?"

"घरी चला. तुम्हीच ओळखा."

घरी आल्यावर हातपाय न धुताच तिने माझा पांढरा इनॅमलचा ट्रे टेबलावर ठेवला आणि बरणी त्यात अलगद ओतली. समुद्राचं पाणी, आणि त्यात बोटभर लांबीचं एक लालभडक शेवाळ. पाणी स्थिरावलं तशी त्याची फांदी उलगडली. सगळे फाटे एकाच बाजूला, फणीच्या दातांसारखे ओळीने आलेले.

मी पाहत राहिलो. त्या किनाऱ्यावरची चौसष्ट जातींची समुद्रशेवाळं मी सात वर्षांत गोळा केली होती. प्रत्येकीचं नाव मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. हिचं आलं नाही.

"खडपेवाडीच्या खडपावर मिळाली?" मी विचारलं. खडप म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा किनाऱ्याचा कातळ. खडपेवाडीच्या खडपावर मी अकरा वेळा जाऊन आलो होतो.

"आयेबरोबर कालवं काढायला गेले होते, परवा अमावास्येच्या सुकतीला, मोठ्या ओहोटीला. पार टोकाला एक कपार आहे, तिच्या आत. तळहाताएवढा पुंजका आहे तेवढाच. मी नुसता शेंडा खुडून आणला. मुळापासून उपटला असता तर संपलंच असतं सगळं."

"वाहून आलेलं असेल," मी म्हणालो.

"मी शेंडा खुडला म्हणतेय ना! कातळाला घट्ट धरून होतं."

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी पुस्तकं काढली. खरं तर मी काढली आणि ती शेजारी बसली. दोन तासांनी एका जाडजूड ग्रंथाच्या मधल्या पानावर ती फणी सापडली. शेजारी लॅटिन नाव आणि खाली एक ओळ: देशाच्या आग्नेय किनाऱ्यावर, मन्नारच्या आखाताच्या बाजूला, पश्चिम किनाऱ्यावर आढळ नाही.

"आढळ नाही," मनोरमाने मोठ्यांदा वाचलं आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवली. "म्हणजे आता आहे! लालफणी म्हणू या हिला. घरातलं नाव."

मी हसलो. माझ्या पोटात दुखायला लागलं होतं, ते त्या हसण्यात दडपून टाकलं.

ही १९८४ च्या नोव्हेंबरची गोष्ट. मी तेव्हा किनाऱ्यावरच्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. मूळचा मी साताऱ्याकडचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी, आणि पोहता मला आजही येत नाही. मनोरमा खडपेवाडीच्या कुबलांची. तिचे वडील होडीवर जात, आई कालवं काढून विके. कोल्हापुरात एम.एस्सी.ला आम्ही एका वर्गात होतो. ती पहिली आली, मी चौथा. लग्न रजिस्टर केलं. नोकरीची जागा एकच निघाली, तिने अर्जच केला नाही. "दोघांतल्या एकाला मिळाली म्हणजे झालं," म्हणाली. त्यानंतर सहा वर्षं माझ्या प्रबंधासाठी लागणारा प्रत्येक नमुना तिने कागदावर चढवला. शेवाळ पाण्यात तरंगत ठेवून खालून कागद सरकवायचा, एकेक फाटा ब्रशने पसरायचा, मग कागद अलगद वर उचलायचा, वर मलमलचं कापड, टिपकागद, आणि त्यावर दगड. तिच्या हाताला जी सफाई होती ती मला कधी साधली नाही. मी फक्त खालचं लेबल लिहायचो, कारण माझं अक्षर चांगलं. आणि लेबलावर संग्राहक म्हणून नाव असायचं र. ग. पोळ. म्हणजे माझं.

आणि आता सात वर्षं मी ज्या कातळावर बूट झिजवले, तिथे ही कालवं काढायला म्हणून गेली आणि मला जन्मात मिळालं नसतं ते लोणच्याच्या बरणीतून घेऊन आली.

डॉ. नटेसन हे शेवाळांच्या जगातलं मोठं नाव. मूळचे तमिळनाडूकडचे, वय साठीच्या पुढचं. एका जुन्या संग्रहाची छाननी करायला त्या वर्षी ते दोन महिने गोव्यात येऊन राहिले होते. मी त्यांना पूर्वी दोनदा पत्रं लिहिली होती. दोन्ही वेळा एका ओळीचं पोस्टकार्ड आलं होतं: कळवल्याबद्दल आभारी आहे. मनोरमाने त्यांना लालफणीचा दाबलेला शेंडा पाठवला, सोबत स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र. आठव्या दिवशी उत्तर आलं. लिफाफ्यावर 'श्रीमती मनोरमा पोळ', आणि आत दोन पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

तिने ती मला वाचून दाखवली. नटेसननी लिहिलं होतं की ओळख अचूक आहे. पण वाहतं शेवाळ कुठूनही कुठेही जातं, शेंड्यावरून ते तिथलंच आहे असं म्हणता येणार नाही. खडकाला धरून वाढलेलं, बुडाशी त्याची पकड असलेलं, असं मी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. तोपर्यंत पुंजक्याला हात लावू नका. तसं दिसलं तर तुमच्या नावाने नोंद होईल. आणि शेवटी: तुम्ही अजून पीएच.डी.साठी नाव नोंदवलेलं नाही याचं नवल वाटतं. हा आढळ पक्का ठरला तर माझ्याकडे जागा आहे.

हे वाक्य तिने दोनदा वाचलं. 

"तीन शनिवार दिलेत त्यांनी," ती डोळे पुसत म्हणाली. "आठ, पंधरा आणि बावीस डिसेंबर. 'तुमच्या किनाऱ्याची भरती-ओहोटी तुम्हीच जाणता, सोयीचा दिवस कळवा' म्हणतात. तुम्ही उत्तर लिहाल का? माझ्या इंग्रजीत चुका होतात."

"लिहितो की."

पत्र मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात बसून लिहिलं आणि परस्पर टाकून आलो.

"कुठला दिवस दिलात?" तिने संध्याकाळी विचारलं.

"पंधरा. आठ तारीख फारच जवळ, पत्र पोचतंय न पोचतंय. बावीसला आमचं गॅदरिंग, मला सुटता येणार नाही."

ती पोळ्या लाटत होती. लाटणं तसंच हातात धरून ती उठली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेली.

"पंधराला वद्य अष्टमी आहे हो."

"मग?"

"मग काय? भांग असतो अष्टमीला. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. ती कपार उघडी पडते फक्त अमावास्येला नाहीतर पौर्णिमेला. अष्टमीला तिच्यावर छातीभर पाणी असतं."

"अरे हो! माझ्या लक्षातच आलं नाही," मी म्हणालो.

समुद्राचं हे गणित किनाऱ्यावरच्या पोरासोरांना पाठ असतं. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते, आणि अमावास्या-पौर्णिमेपासून जितकं लांब जावं तितकी ओहोटी उथळ. सात वर्षं मी त्या गणितावर शेवाळं गोळा करत आलो होतो. वर्गात मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो.

"तार करा," मनोरमा म्हणाली. "बावीस करा म्हणावं. अमावास्या आहे. तुमचं गॅदरिंग असू दे, मी आणि आये आहोत ना."

तुम्ही नसलात तरी चालेल, असं तिला म्हणायचं नव्हतं. मला मात्र ते तसंच ऐकू आलं.

सोमवारी मी पोस्टात गेलो. रांगेत उभा राहिलो. फॉर्म घेऊन नटेसनांचा पत्ता लिहिला, मजकूरही लिहिला. पुढे तीन माणसं होती, मग दोन, मग एक. खिडकीतला कारकून माझा विद्यार्थी निघाला. "या सर," म्हणाला. मी म्हणालो, "काही नाही, पत्ता जरा तपासून येतो." बाहेर येऊन फॉर्मची घडी केली, ती फाडली, समोरच्या हॉटेलात चहा प्यालो आणि घरी गेलो.

"केलीत तार?"

"केली."

पण शुक्रवारी गोव्याहून कार्ड आलं. शनिवारी सकाळी नऊच्या गाडीने मालवणला पोचतो आहे, घ्यायला या. नटेसन.

मनोरमाने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "तार मिळालेली दिसत नाही त्यांना," ती म्हणाली. "हल्ली तारांचं काही खरं नाही." मग स्वतःचीच समजूत घातल्यासारखी म्हणाली, "येऊ देत. बघू या पाणी किती उतरतं ते."

नटेसन उंच, सडपातळ, डोक्याला सुती टोपी, पायात रबरी चपला. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं भिंग. स्टँडवर त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि लगेच मागे पाहत विचारलं, "आणि मिसेस पोळ कुठे आहेत?" मनोरमा तिकिटं काढून मागून येत होती.

खडपेवाडीला पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. खडपावर सासूबाई आधीच येऊन बसल्या होत्या. कासोटा घातलेला, कमरेला कालवं काढायचा लोखंडी टोचा. नटेसनांना त्यांनी हात जोडले आणि मग लेकीकडे वळल्या.

"गो मनू, आज आठम मगो? आज भांगाचो दिस. आज दर्यो खय सुकतलो? ह्यो दिस कोणी काढल्यान?"

"असू दे गे आये," मनोरमा म्हणाली.

"असू दे काय? रोज खडपार मराक जातंय ती मी, माका इचारूक नको?"

मी दूरच्या एका होडीकडे पाहत राहिलो.

बारा वाजता ओहोटी संपली. म्हणजे पाणी जितकं उतरायचं तितकं उतरलं आणि थांबलं. आम्ही टोकाच्या अलीकडच्या कातळावर उभे होतो. कपार आमच्यापासून पंधरा-वीस पावलांवर होती, आणि तिच्या जागी हिरवं पाणी संथपणे वर-खाली होत होतं. नटेसन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तयार होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, पाणी पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं.

"अजून किती उतरेल?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"एवढंच," मनोरमा म्हणाली. "आज एवढंच."

"असं? आमच्याकडचा समुद्र फूटभर चढतो, फूटभर उतरतो, कुठलाही दिवस घ्या. म्हणून मी तुमच्यावर सोडलं होतं." त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. माणूस सभ्य होता, आवाजात राग नव्हता. "पंधरा ठरल्यावर मी पुढचा मुक्काम रद्द केला, सोमवारी मी परत जातो आहे. मिसेस पोळ, वाईट वाटून घेऊ नका. तुमची ओळख अचूकच आहे. मी नोंद करीन, पण वाहून आलेला नमुना म्हणून. त्याहून जास्त मला लिहिता येणार नाही."

वाहून आलेला. मी पहिल्या संध्याकाळी म्हणालो होतो तेच. मला हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या कातळावर उभं राहून मला तीन आठवड्यांत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

"सर, तुम्हाला तार मिळाली नाही का?" मनोरमाने विचारलं.

"कसली तार?"

"बावीस तारखेला या म्हणून. सोमवारी केली होती."

"नाही. मला यांचं पत्र तेवढं मिळालं." त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून फाइल काढली. अशी माणसं कागद टाकत नाहीत. पत्र काढून त्यांनी त्यातली ओळ बोट ठेवून वाचली. "हे पाहा. 'आपण दिलेल्या तीन दिवसांपैकी पंधरा तारीख सर्वांत योग्य. बराच विचार करून हा दिवस निवडला आहे. त्या दिवशी समुद्र अगदी शांत असेल.' आणि शांत आहेच की. ते खरं आहे."

मनोरमाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल, निदान काही विचारेल. तसं काही झालं नाही. अनोळखी नमुना उलटा करून त्याची मागची बाजू पाहावी तसं तिने मला पाहिलं, आणि तिला हवं ते सापडलं असावं. मग तिने चपला काढल्या आणि नऊवारी असल्यासारखा साडीचा कासोटा घातला.

"आये, टोचो दी."

"खय जातंस? मागे फीर. थय पाणी फिरता, कपारीत ओढ असता."

"माका ठाव आसा. दी."

सासूबाईंनी टोचा दिला. मनोरमा पाण्यात उतरली. पहिल्या दहा पावलांत पाणी तिच्या कमरेला लागलं, मग छातीला, मग तिने एकदा मोठा श्वास घेतला आणि ती खाली गेली.

नटेसन ओरडले, "अहो, थांबवा त्यांना!" आणि मला म्हणाले, "तुम्ही जा ना!"

"मला पोहता येत नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मी अजून विसरलेलो नाही.

ती वर आली, हात रिकामा. केस तोंडावरून मागे सारले, पुन्हा खाली गेली. पुन्हा वर आली, पुन्हा रिकामी. डाव्या हाताच्या बोटांतून रक्त येत होतं, कालवांच्या धारेने कापलं होतं. सासूबाई गुडघाभर पाण्यात जाऊन तिला हाका मारत होत्या. ती तिसऱ्यांदा खाली गेली.

या वेळी ती लवकर आली नाही.

इथे जे सांगायचं आहे ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. ती पाण्याखाली होती तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की या वेळीही हिचा हात रिकामा येऊ दे. आणि ती येईल ना, हे त्यानंतर मनात आलं. नंतर. मधे फार वेळ गेला नसेल, दोन लाटा आल्या असतील. पण क्रम हाच होता, आणि तो माझा मला माहीत आहे.

मग मी पाण्यात धावलो. कमरेपर्यंत गेलो, पाय घसरला, नाकातोंडात खारं पाणी गेलं, आणि खोकत उभा राहतोय तोवर ती माझ्यापासून चार हातांवर वर आली. दोन्ही हात डोक्यावर धरलेले. हातात नारळाच्या करवंटीएवढा कातळाचा तुकडा, एका बाजूने ताजा फुटलेला. त्याच्यावर लालफणीचा झुपका पाण्याने निथळत होता.

मी हात पुढे केला. ती माझ्या शेजारून गेली आणि तो तुकडा तिने नटेसनांच्या हातात दिला. त्यांनी तो आपल्या टोपीत घेतला, टोपीतच पाणी ओतलं आणि तिथेच, लाटेत उभ्या उभ्या भिंग डोळ्याला लावलं. एकेक फाटा बुडापर्यंत पाहत गेले.

"पकड आहे," ते शेवटी म्हणाले. "चार, पाच... सगळ्यांना पकड आहे. हे इथलंच आहे." मग त्यांनी त्या भिजलेल्या बाईला वाकून नमस्कार केला. "बाई, अर्धं तरी ठेवलंत ना तिथे?"

"अर्ध्याहून जास्त ठेवलंय," मनोरमा म्हणाली. तिचे दात वाजत होते.

दुपारी सासूबाईंच्या पडवीत तिने त्यातला एक झुपका कागदावर चढवला. हाताला फडकं बांधलेलं होतं, तरी एक फाटा दुसऱ्यावर येऊ दिला नाही. नटेसन ओटीवर बसून भिंग पुसत होते. नेहमीप्रमाणे मी लेबल आणि पेन घेऊन बसलो.

"लिहा," ती म्हणाली. "संग्राहक, मनोरमा पोळ."

मी लिहिलं.

"ठिकाण, खडपेवाडी. खडपाचं टोक, कपारीत. दिनांक, पंधरा डिसेंबर एकोणीसशे चौऱ्याऐंशी. आणि खाली तिथी लिहा."

"लेबलावर तिथी नसते."

"लिहा. मार्गशीर्ष वद्य अष्टमी."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, तिथेही चांगलंच आलं. नटेसन म्हणाले, वा, हे छान आहे, यापुढे मीही लिहीत जाईन.

परतीच्या एस.टी.त आम्ही दोघंच होतो, नटेसन मालवणला उतरले होते. ती खिडकीपाशी बसली होती. बाहेरच पाहत तिने विचारलं, "तार किती शब्दांची होती?"

मी तिकिटांची घडी करत राहिलो. तिने परत विचारलं नाही. ना त्या दिवशी, ना नंतर.

तिला डॉक्टरेट मिळाली. माझ्या आधी दोन वर्षं. पुढे तिने या किनाऱ्यावर आणखी कितीतरी नवे आढळ नोंदवले. मी तिची प्रुफं तपासली, तिच्या नमुन्यांची लेबलं लिहिली, तिच्या सत्काराला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. सुरुवातीची काही वर्षं मला तिचा मत्सर वाटत राहिला. मग कधीतरी तो गेला, आणि गेल्यावर कळलं की त्याच्या आडोशाला मी लाज लपवून ठेवली होती. संसार नीट झाला. भांडलो ते मुलांवरून, नातेवाइकांवरून, बदलीवरून. त्या दिवसावरून कधीच नाही.

गेल्या वर्षी एक मुलगी घरी आली. दर्शना तांडेल, शेवाळांवरच पीएच.डी. करते. आम्ही दोघं आता सत्तरीत, मालवणला राहतो. तिने मोबाइलवर एक फोटो काढून दाखवला. लालफणीचा तो कागद. रंग जरा विटलाय, बाकी जसाच्या तसा.

"सर, हे अक्षर तुमचं ना?"

"माझंच."

"मग एक विचारू? राग मानू नका. मी तांडेलांची पोर, लहानपणापासून खडपावर वाढले. अष्टमीला ती कपार उघडी पडतच नाही. माझ्या प्रबंधात या नोंदीवर टीप द्यायचीय, की तिथी लिहिताना चूक झाली असावी म्हणून. देऊ का?"

मनोरमा माझ्या समोर बसून ओल्या काजूंची सालं काढत होती. मान वर न करता म्हणाली, "चूक नाही. तिथी बरोबर आहे. दिवस यांनीच निवडला होता."

दर्शनाने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. "सर, अष्टमी? मुद्दाम?"

पोरीने निरागसपणे विचारलं होतं. त्यामागे काही शास्त्रीय कारण असणार असं तिला वाटलं असावं. तिने वहीसुद्धा उघडली.

"हो," मी म्हणालो. "मुद्दाम."

काजूच्या ताटलीतला हात थांबला.

"का पण, सर?" दर्शनाने विचारलं.

मनोरमाने ताटली बाजूला ठेवली आणि पदराला हात पुसले. अडतीस वर्षांनी ती माझ्याकडे तसंच पाहत होती, जसं त्या कातळावर पाहिलं होतं.

"सांगा की," ती म्हणाली. "मलाही अजून सांगितलं नाहीत."